विहिरीत अडकलेलं टूल सोडवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळतं का?

खाडीपलीकडचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी वायरलाइनवर काम करतो, मुंबई हायच्या बाजूला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तेलाची विहीर खणून झाली की खडकाची मोजमापं घ्यायला केबलच्या टोकाला यंत्रं लावून खाली सोडतात. कधीकधी ती वर येत नाहीत. जुन्या, दाब उतरलेल्या थरांत मडचा (विहिरीत भरलेल्या चिखलासारख्या द्रवाचा) दाब खडकातल्या दाबापेक्षा बराच जास्त असतो आणि तो टूलला भिंतीवर चिकटवून ठेवतो. हिशेबच सांगतो. टूलचा २ इंच रुंद, ६० इंच लांब भाग भिंतीला टेकला आणि दाबातला फरक ५०० पीएसआय (दर चौरस इंचाला ५०० पौंड) असला, तर टूल ६०,००० पौंडांनी भिंतीवर दाबलं जातं. घर्षणांक ०.२ धरा. म्हणजे हलवायलाच १२,००० पौंडांची ओढ पाहिजे. बहुतेक वेळा केबलच्या डोक्यातला (टूलला जोडणाऱ्या खालच्या टोकातला) वीक पॉइंट त्याच्या आतच तुटतो. तो तुटण्यासाठीच ठेवलेला असतो म्हणा, नाहीतर केबल वर कुठेतरी तुटून हजारो फूट तारेचा गुंता टूलवर जाऊन बसेल.

तर अशा वेळी टूल सोडवण्याची, किंवा टूल खाली ठेवून केबल शाबूत सोडवून घेण्याची, एक रीत माझ्या डोक्यात आहे. नवीन यंत्र काहीच नाही. आहेत तीच यंत्रं, फक्त कशानंतर काय आणि किती ताणाला करायचं हा क्रम वेगळा. आमच्या एका वरिष्ठांनी "पेटंट यंत्राला मिळतं, पद्धतीला नाही" असं म्हणून विषय संपवला. हे खरं आहे का? कल्पना नेमकी काय ते इथे लिहीत नाही, राग मानू नका.

शेंगदाणा_चटणी

रुमाल टाकून ठेवते. बाळबोध शंका: जाड केबल वापरली तर काय बिघडतं?

खाडीपलीकडचा

बाळबोध नाही, सगळे हेच विचारतात. केबलला स्वतःचं वजन असतं. १०,००० फुटांना तीनेक हजार पौंड तर नुसती केबलच भरते. विहीर तिरकी असली की ती भिंतीला घासत येते, त्यामुळे वर काट्यावर ८,००० दिसले तरी डोक्यापाशी किती पोचले हा अंदाजच. जाड केली की वजन आणि घर्षण दोन्ही वाढतं.

ड्रिलबाबा

बत्तीस वर्षं रिगवर काढली, आता डोंबिवलीत झाडांना पाणी घालतो. बाळा, निरुत्साह करायचा नाही, पण या धंद्यात सोडवण्याची कुठली रीत नवीन उरली आहे ते सांग. ओढा, ढिलं सोडा, पुन्हा ओढा. जार (अडकलेल्या वस्तूला झटक्याने ठोसा देणारं साधन) मारा. चिकटलं असेल तर तेल किंवा आम्ल सोडून भिजत ठेवा. पाइपच अडकला असेल तर तो किती ताणतो ते मोजून कुठपर्यंत मोकळा आहे ते काढा, मोकळ्या भागातल्या जोडापाशी तारेवरून स्फोटक दोरी न्या, पाइपला उलटा पीळ भरून ठेवा आणि बार काढा. जोड नेमका तिथेच उकलतो. लायनर (विहिरीच्या खालच्या भागात बसवायची पोलादी नळी) सोडायचं तर वरून गोळा टाका, तो बैठकीत बसला की पंपाचा दाब वाढवा, पिना तुटतात, पकड सुटते. नाहीच सुटली तर डावीकडे फिरवा. हे सगळं आमच्या आधीपासून चालू आहे. आम्ही कुणाला कधी रॉयल्टी दिली नाही.

दावापत्र

मी पेटंट एजंट आहे, यंत्र आणि तेल-वायू हीच कामं जास्त येतात. मुद्द्याचं आधी.

कल्पना इथे लिहिली नाहीत हे फार बरं केलंत. उघड धाग्यावर लिहिलेली गोष्ट प्रसिद्ध झालेलीच धरली जाते आणि मग तुमचाच प्रतिसाद तुमच्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून लावतात. आपल्या कायद्यात त्याला सरसकट माफीची मुदत नाही.

वरिष्ठांचं म्हणणं बरोबर नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम २(१)(जे) मध्ये शोध म्हणजे नवीन उत्पादन किंवा प्रक्रिया, असं सरळ लिहिलं आहे. हा गैरसमज कुठून आला तेही सांगते. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात पद्धतीतून विकता येईल अशी काहीतरी वस्तू निघाली पाहिजे असा आग्रह असायचा. अडकलेलं टूल सुटलं तर वस्तू कुठली निघाली? १९५९ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात पिकातलं तण मारण्याच्या पद्धतीचा खटला झाला. तिथेही हातात विकायला काही पडत नव्हतं. कोर्ट म्हणालं, माणसाने घडवून आणलेली आणि आर्थिक उपयोग असलेली स्थिती तयार होते ना, मग पुरे. त्या जुन्या आग्रहाला तिथे मोठं खिंडार पडलं.

तेव्हा दार उघडं आहे. पण दारात कलम ३ उभं आहे. ३(के) गणित, व्यवसायाच्या पद्धती, नुसता संगणकीय प्रोग्राम आणि अल्गोरिदम बाहेर ठेवतं. ३(एम) मनातल्या मनात करायच्या कृती बाहेर ठेवतं. ३(एफ) ठाऊक असलेल्या यंत्रांची नुसती मांडामांड बाहेर ठेवतं. आणि ३(डी), जे सगळ्यांना औषधांमुळे माहीत आहे, त्याच्या शेपटात "ज्ञात प्रक्रिया, यंत्र किंवा उपकरणाचा नुसता वापर" असंही आहे. "आहेत तीच यंत्रं, क्रम वेगळा" हे तुमचं वाक्य परीक्षकाच्या हाती पडलं तर तो ३(डी) आणि ३(एफ) दोन्ही लावेल. ते वाक्य अर्जात येता कामा नये. त्याऐवजी त्या क्रमामुळे विहिरीत काय वेगळं घडतं, ते लिहायचं.

शेंगदाणा_चटणी

"मनातल्या मनात करायच्या कृती" म्हणजे मी मनात टूल सोडवलं तर पेटंट नाही, एवढंच ना? :फिदी:

कॅटी_फ्रीवे

ह्यूस्टनहून. हसण्यावारी नेऊ नका, या एका मुद्द्यावर तेलविहिरींचे किती अर्ज बुडाले याची गणती नाही.

आधी ड्रिलबाबांना उत्तर. काका, रॉयल्टी दिली आहे लोकांनी, आणि तीही पद्धतीसाठी! पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला एडवर्ड रॉबर्ट्सने १८६५-६६ मध्ये विहिरीत टॉर्पेडो फोडण्याची पेटंटं घेतली. स्फोटकांचं नळकांडं तळाशी सोडायचं, वर विहिरीत द्रव भरून ठेवायचा म्हणजे स्फोटाचा जोर वर न जाता खडकात जातो, मग वरून लोखंडी वजन सोडून टोपीवर आदळवायचं. स्फोटकं जुनीच, नळकांडंही काही जगावेगळं नाही. खरी मेख त्या द्रवाच्या दट्ट्यात होती. एका टॉर्पेडोला १०० ते २०० डॉलर आणि वर वाढलेल्या उत्पन्नाचा पंधरावा हिस्सा. लोक इतके वैतागले की रात्री चोरून स्वतःच बार उडवायला लागले, त्यांना मूनलायटर म्हणत. रॉबर्ट्सने त्यांच्यामागे हेर लावले, खटल्यांवर पाण्यासारखा पैसा ओतला, आणि १८७१ मध्ये रॉबर्ट्स विरुद्ध डिकी या खटल्यात कोर्टाने पेटंट उचलून धरलं.

आता बुडालेल्यांची गोष्ट. वॉकर नावाच्या गृहस्थाने विहिरीत आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून आतला द्रव किती खोल आहे हे काढायची रीत बसवली. ट्युबिंगच्या (तेल वर आणणाऱ्या नळीच्या) प्रत्येक जोडावरून थोडा प्रतिध्वनी येतो. ते मोजले आणि एका पाइपची लांबी माहीत असली की खोली निघाली. हॅलिबर्टन या तेलसेवा कंपनीशी खटला झाला. १९४४ साली नवव्या सर्किटने (अमेरिकेतलं अपील कोर्ट) पद्धतीचे दावे, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारी पेटंटातली वाक्यं, रद्द केले: त्यातल्या पायऱ्या म्हणजे ठरवणे, नोंदवणे, मोजणे, निरीक्षण करणे, तुलना करणे, हिशेब करणे. सगळं डोक्यातलं काम. उपकरणाचं पेटंट वेगळं होतं, ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९४६ साली तेही पडलं, पण निराळ्या कारणाने. नेमका नवा भाग काय ते न सांगता "अमुक करणारं साधन" एवढ्यावरच दावा उभा केला होता. तसे दावे पुन्हा चालावेत म्हणून १९५२ च्या कायद्यात खास तरतूद करावी लागली. तेलविहिरीतल्या एका प्रतिध्वनीने अमेरिकेचा पेटंट कायदा हलवला तो असा.

पुढे १९५१ मध्ये एब्रम्सचा तेलशोधाचा अर्ज बुडाला, १९७३ मध्ये क्रिस्टेन्सनचा खडकाची सच्छिद्रता काढण्याचा गेला. १९८२ मध्ये टॅनरच्या भूकंपलहरींच्या पद्धतीला मात्र मिळालं. कॅनडात १९८१ साली श्लुंबर्जरचा अर्ज गेला, तिथे बोअरहोलमधली मापं संगणकात घालून माहिती काढत होते. २०१६ मध्ये टीडीई पेट्रोलियमचं पेटंट फेडरल सर्किटने (पेटंटची अपिलं ऐकणारं अमेरिकी कोर्ट) पाडलं. रिगवरच्या सेन्सरवरून सध्या ड्रिलिंग चालू आहे की पाइप काढणं चालू आहे हे आपोआप ओळखायचं, असा तो दावा.

गेलेल्यांपैकी बहुतेकांचे दावे कुठे थांबतात ते बघा. "कळलं", "ठरलं", "दाखवलं" इथे. विहिरीत काहीच हलत नाही.

विदा_वेडा

म्हणजे माझं दुकान बंद. आम्ही ताणाचे आकडे घेऊन टूल अडकायच्या आधी इशारा देणारं मॉडेल बनवतो.

दावापत्र

@विदा_वेडा, बंद नाही, पण दावा इशाऱ्यापाशी थांबवू नका. इशारा आला की विंचचा (केबल ओढणाऱ्या यंत्राचा) वेग आपोआप बदलतो किंवा केबलच्या डोक्यातली विजेवरची पकड सुटते, इथपर्यंत न्या. भारतात ३(के) असलं तरी दिल्ली हायकोर्टाने २०१९ च्या डिसेंबरमध्ये फरीद अल्लानी प्रकरणात सांगितलं आहे की तांत्रिक परिणाम दिसत असेल तर संगणक आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळू नका.

आणि कॅटी_फ्रीवे यांचं चित्र थोडं अमेरिकी आहे. इंग्लंडमध्ये २०११ साली हॅलिबर्टनच्याच अर्जांवर उलटा निकाल लागला. ड्रिल बिटची रचना संगणकावर सिम्युलेशन करून सुधारायची, असे ते दावे. बिट प्रत्यक्षात बनवण्याची पायरी दाव्यात नव्हती म्हणून पेटंट कार्यालयाने "ही मानसिक कृती" असं म्हणून नाकारले होते. कोर्टाने ते फिरवलं. मानसिक कृतीचा अपवाद केवळ डोक्यात केलेल्या कामापुरता, संगणकावर केलेलं काम त्यात बसत नाही.

@खाडीपलीकडचा, तुमच्या बाबतीत मला विषयाची भीती वाटतच नाही. टूल सुटतं, पीन तुटते, केबल वर येते, हे हाडामांसाचं काम आहे. कुठलाही परीक्षक त्याला मानसिक कृती म्हणणार नाही. खरी लढाई कल्पक पायरीवर (जाणकाराला सहज सुचलं नसतं असं त्यात काही आहे का, यावर) होईल, आणि तिथे ड्रिलबाबांचा प्रतिसाद तुमच्याविरुद्ध सगळ्यात भक्कम आहे. ओढणं जुनं, जार जुना, गोळा जुना. परीक्षक दोन जुनी पेटंटं शेजारी ठेवेल आणि म्हणेल, या क्षेत्रातल्या जाणकाराने दोन्ही एकत्र केलीच असती.

यावर एकच औषध: आकडे. जुन्या क्रमाने केलं तर डोक्यापाशी किती ताण पोचतो, तुमच्या क्रमाने किती. टेस्ट विहिरीत किंवा निदान वर्कशॉपच्या बेंचवर घेतलेले. "अधिक सुरक्षित", "अधिक कार्यक्षम" असल्या विशेषणांवर तपासणी अहवालात पहिला वार होतो. आणि रिगवरची जाणती माणसं आजवर असं का करत नव्हती, हे लिहा. कुणी तसं करू नका असं छापून ठेवलं असेल, एखाद्या मॅन्युअलमध्ये मनाई असेल, तर ते सोन्याहून पिवळं.

ड्रिलबाबा

मॅन्युअलमध्ये मनाई म्हणशील तर मी दहा दाखवतो. त्यातल्या आठ कुणीच पाळत नाही.

दावापत्र

काका, पाळत नाहीत हे कुठे छापलेलं नसेल तर आमचं काम होतं. :)

शेंगदाणा_चटणी

नाहीच सुटलं तर काय करतात? तिथेच ठेवून देतात?

खाडीपलीकडचा

बऱ्याचदा हो, फिशिंगचा (अडकलेलं टूल बाहेर काढण्याचा) खर्च टूलच्या किमतीपेक्षा जास्त व्हायला लागला की. पण काही टूलमध्ये किरणोत्सारी स्रोत असतो, घनतेसाठी सीझियम आणि न्यूट्रॉनसाठी अमेरिशियम-बेरिलियम. तो असा सोडून चालत नाही. तेव्हा 'कट अँड थ्रेड' करतात: वर केबल कापायची, तिला जोड बसवायचा आणि ड्रिल पाइपचा एकेक स्टँड (दोन-तीन पाइप जोडून केलेला तुकडा) केबलवरून ओवत खाली न्यायचा, टूलला पकड बसेपर्यंत. रात्रंदिवस ओवण्याचं काम. तरीही निघालं नाही तर स्रोत सिमेंटने तिथेच बंद करावा लागतो. अमेरिकेतल्या नियमात तर त्यावर पुन्हा कुणी चुकून खणू नये म्हणून अडथळा बसवायचा आणि विहिरीच्या तोंडावर स्टेनलेस स्टील, पितळ असल्या टिकाऊ धातूची सूचनापट्टी लावायची, असंही आहे. म्हणून तर वीक पॉइंट तुटण्याआधी मला दुसरा मार्ग हवा होता.

कॅटी_फ्रीवे

एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. समजा पेटंट मिळालं. चोरी कोण करतंय आणि ती तुम्हाला दिसणार कशी?

रिगवर टूल अडकल्यावर काय होतं आठवा. कंपनी मॅन निर्णय देतो, तो ऑपरेटरचा, म्हणजे विहीर चालवणाऱ्या तेल कंपनीचा, माणूस. ओढताना रिग हलवावी लागली तर ब्रेकवर ड्रिलर, तो ड्रिलिंग कंत्राटदाराचा. विंच आणि टूल सर्व्हिस कंपनीचं. तुमच्या दाव्यातली पहिली पायरी एकाने केली, दुसरी दुसऱ्याने, तिसरी तिसऱ्याने, तर संपूर्ण पद्धत कुणीच केली नाही! अमेरिकी सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या लाइमलाइट विरुद्ध अकामाई खटल्यात सांगितलं की थेट उल्लंघनच झालं नसेल तर चिथावणी देणाऱ्यालाही धरता येत नाही. पुढच्या वर्षी फेडरल सर्किटने थोडी वाट काढली: एकाच्या हुकुमाखाली किंवा भागीदारीत सगळं झालं असेल तर ते त्याच्या खाती. पण ते सिद्ध करत बसण्यापेक्षा सगळ्या पायऱ्या एकाच हाताच्या ठेवलेल्या बऱ्या.

आणि पुरावा? तीन किलोमीटर खाली काय झालं ते कोण पाहतं? ताणाचा लॉग असतो, पण तो ऑपरेटरकडे, कुलपात.

ड्रिलबाबा

हे मात्र लाखातलं बोललास. आमच्या काळी एका कंपनीची युक्ती दुसऱ्या रिगवर पोचायला एक क्रू चेंज पुरायचा. हेलिकॉप्टर उतरलं की युक्ती उतरली.

विदा_वेडा

मग गुपितच का ठेवू नये? पेटंटात सगळं उघडं करायचं आणि चोर दिसत नाही म्हणायचं.

दावापत्र

रास्त प्रश्न. कारखान्याच्या चार भिंतीत चालणाऱ्या प्रक्रियेला मी स्वतः गुपित ठेवा म्हणते. पण रिगवर गुपित टिकत नाही, ड्रिलबाबांनी हेलिकॉप्टरचं सांगितलंच. शिवाय पद्धतीबरोबर त्या पद्धतीसाठी जुळवलेल्या संचाचाही दावा टाकता येतो. संच डेकवर पडलेला दिसतो, फोटो निघतो.

खाडीपलीकडचा

ताई, दोन अडचणी. पुढच्या महिन्यात एका जमिनीवरच्या विहिरीत ही रीत करून बघायची परवानगी मिळण्याची शक्यता आहे. अर्ज आधी की चाचणी आधी? दुसरं, कल्पना माझी, पण पगार कंपनीचा.

दावापत्र

अर्ज आधी. कलम ३२ मध्ये वाजवी चाचणीसाठी एक वर्षाची सवलत आहे, चाचणी उघड्यावर करण्यावाचून गत्यंतर नसेल तर. पण "वाजवी" आणि "गत्यंतर नव्हतं" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल, आणि युरोपात असली सवलत नाही. चाचणीच्या जागी कंत्राटदाराची माणसं उभी असतील, त्यांनी गोपनीयतेवर सही केलेली नसेल. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज टाका, एकट्या व्यक्तीला ऑनलाइन १,६०० रुपये फी आहे. मग पूर्ण विवरण द्यायला १२ महिने मिळतात, त्यात चाचणीचे आकडे घालता येतील. मात्र चाचणीत कळलेली नवीन गोष्ट मागच्या तारखेचा फायदा घेत नाही, म्हणून प्रोव्हिजनल दोन ओळींचा टाकू नका. तुम्ही उरणकडचे असाल तर अर्ज मुंबई कार्यालयात, अँटॉप हिलला. परीक्षणाची मागणी २०२४ च्या बदलानंतर ३१ महिन्यांत करायची, आधी ४८ होते.

पगाराचं: आपल्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधाबद्दल वेगळं कलम नाही, सगळं नेमणुकीच्या करारावर. तो काढून वाचा. बहुतेक करारांत हक्क कंपनीकडे जातो, पण शोधक म्हणून नाव तुमचंच लागलं पाहिजे. आणि कंपनी परदेशी असेल व थेट अमेरिकेत अर्ज करूया म्हणाली तर कलम ३९ दाखवा. भारतात राहणाऱ्याने आधी परवानगी घ्यायची, नाहीतर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं. मोडलं तर दंड आहेच, कैदही आहे.

खाडीपलीकडचा

खूप आभार. सरावासाठी जुन्याच, सगळ्यांना माहीत असलेल्या गोळ्याच्या पद्धतीवर एक दावा लिहून बघितला. तपासाल का?

"दावा १: विहिरीतील नळीच्या टोकाला जोडलेले साधन सोडवण्याची पद्धत, जीमध्ये (अ) नळीतून गोळा सोडणे, (आ) गोळा बैठकीवर बसला आहे हे ठरवणे, (इ) ड्रिलरने नळी उचलून साधनावरील ताण शून्य करणे, (ई) पंपाचा दाब वाढवून पिना तोडणे, (उ) नळी पृष्ठभागावर काढणे."

दावापत्र

पहिल्या प्रयत्नाला बराच चांगला. आता कातर लावते.

(आ) मध्ये "ठरवणे" उघडं ठेवू नका. "दाब ठरावीक मर्यादेवर पोचताच" असं करून (ई) ला जोडा, म्हणजे ती नुसती जाणीव राहत नाही, पुढची कृती तिच्यामुळे होते.

(इ) मधून "ड्रिलरने" काढा. माणसाचं नाव आलं की वर कॅटी_फ्रीवे म्हणाले ती फूट पडते. आणि "शून्य" नको. उद्या कुणी पन्नास किलो ताण ठेवून हेच करेल आणि मोकळा सुटेल. "पिना तुटण्याच्या मर्यादेखाली" लिहा.

(उ) सरळ खोडा. साधन (ई) लाच सुटलं. नळी वर आल्याशिवाय उल्लंघन पुरं होत नाही असं कशाला लिहून द्यायचं? हवं तर दावा २ मध्ये घाला.

आणि "गोळा" च्या जागी "नळीचा मार्ग बंद करणारी वस्तू". गोळ्याऐवजी डार्ट टाकणारा निसटेल नाहीतर.